बूरीचं इंग्रजी

हरचरण सरांच्या क्लासमधल्या सगळ्या पोरांना मिळून एकच आजोबा होते. हे आजोबा पहाटे उठत, गुलाबांना पाणी घालत आणि जीवनाबद्दल थोर विचार मांडत. पाठ करायचं तयार उत्तर म्हणून सरांनी हे आजोबा जड जड इंग्रजी शब्द घालून स्वतः रचले होते. परदेशी जायला लागणाऱ्या आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत, तोंडीला कुठलाही प्रश्न आला तरी आजोबांना पुढे कसं करायचं, हे पंजाबातल्या मोगा गावच्या त्या क्लासात घोकून घेतलं जाई. पुष्कळ म्हणायचं असेल तर 'प्लेथोरा' म्हणायचं. साधा शब्द वापरला की मार्क गेला, असं सर बजावत.

क्लासातल्या रुपिंदरने हे आजोबा दोनदा लुधियान्याला परीक्षेला नेले आणि दोन्ही वेळा साडेपाच बँड घेऊन परत आली. कॅनडातल्या नर्सिंग कॉलेजला सहा हवे होते. तिसऱ्या खेपेला तिचे वडील, पापाजी, तयार झाले ते एका अटीवर. या वेळी जमलं नाही तर परीक्षेचं नाव काढायचं नाही, बरनाल्याच्या स्थळाला होकार द्यायचा. मुलगा काही वाईट नव्हता. पण रुपिंदरला नर्स व्हायचं होतं, अगदी मनापासून व्हायचं होतं.

सरांचा आणखी एक दंडक होता. दिवसभराचे शब्द घरी कुणाला तरी मोठ्याने ऐकवायचे. रुपिंदरच्या घरी ऐकणार कोण? तिच्या आईला, बीबीला, त्या खटपटीचाच वैताग आला होता आणि पापाजी टर उडवायचे. राहता राहिली बूरी म्हैस. बूरीचं एक होतं, ती फक्त रुपिंदरच्या हाताला पान्हा सोडायची. दुसरं कुणी धारेला बसलं की खुशाल दूध चोरायची. तेव्हा दोन्ही वेळा धार काढता काढता रुपिंदर तिलाच गुलाबांची बाग ऐकवू लागली.

"तुझ्याआधी म्हैसच पोचेल कॅनडाला," पापाजी वैरण टाकता टाकता म्हणायचे.

एका संध्याकाळी बाग चांगली रंगात आलेली असताना बूरीने लाथ झाडली आणि भरलेली बादली लवंडली. तिला इंग्रजीतच चार शब्द सुनवावेत म्हणून रुपिंदरने तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. कासेला काय म्हणतात, रवंथाला काय, रेडकाला काय, दूध चोरण्याला काय? ज्या गोठ्यात ती लहानाची मोठी झाली त्यातल्या कशालाच तिच्याकडे शब्द नव्हता, प्लेथोरा मात्र होता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना विचारलं. सर वैतागले.

"शेणामुताचं इंग्रजी शिकून कुणाला बँड मिळालेत, पुत्तर? आजोबा पाठ कर."

मग ती फोनवर धुंडाळू लागली. गोठ्यातले दोन-चार शब्द शोधायचे आणि बूरीला ऐकवायचे. हळूहळू शब्दांची वाक्यं झाली, वाक्यांच्या गप्पा झाल्या. बूरी कान हलवत ऐकायची आणि पान्हा सोडायची.

परीक्षेच्या दिवशी मात्र रुपिंदरची पाचावर धारण बसली. समोरच्या बाईंनी घरातल्या एखाद्या कामाबद्दल बोलायला सांगितलं आणि भीतीने तिच्या तोंडून आजोबाच बाहेर पडले. गुलाबांपर्यंत येताच बाईंचा चेहरा पडला. आजोबा सकाळपासून कितीदा तरी इथे येऊन गेले असणार, हे रुपिंदरला तिथल्या तिथे कळलं.

"ते राहू दे," बाई म्हणाल्या. "आज सकाळी तू स्वतः काय केलंस?"

"म्हशीची धार काढली."

आणि मग ती बोलतच सुटली. आधी रेडकाला थोडं पाजावं लागतं, कास कोमट पाण्याने धुवावी लागते, हात परका वाटला की म्हैस दूध वर ओढून धरते. कुठे अडलीच तर हातांनी करून दाखवत होती. बाई पुढे झुकून ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "तू गेल्यावर ती कुणाला दूध देईल?"

"माहीत नाही," एवढंच ती म्हणाली.

साडेसहा बँड आले. बीबीने गल्लीभर लाडू वाटले. पापाजींनी थट्टा केली नाही. संध्याकाळी ते बादली घेऊन गोठ्यात आले आणि रुपिंदरला उठवून स्वतः बूरीपाशी बसले. बराच वेळ खटपट केली, पण बादलीत थेंब पडला नाही.

"हिच्याशी काय बोलतेस तू?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"इंग्रजी, पापाजी."

"तेच सांग मला. सावकाश सांग, पाठ करायचंय."

रुपिंदरला रडू आवरेना. मग तिने ओढणीने नाक पुसलं आणि पहिला शब्द सांगितला. पापाजींनी तो तीन तऱ्हांनी मोडून म्हशीला ऐकवला. बूरीने वळून रुपिंदरकडे पाहिलं. दूध काही सोडलं नाही.

"उद्या पुन्हा," म्हणत पापाजींनी बादली तिच्या हातात दिली.