डावखुरी गिटार

ज्ञानदा लग्न होऊन नायगावच्या घरी आली ती दोन बॅगा आणि एक इलेक्ट्रिक गिटार घेऊन. गिटार सरळ नव्हती. ज्ञानदा डावखुरी, आणि दुकानातल्या गिटारी सगळ्या उजव्यांसाठी. म्हणून तिने ती उलटी धरून तारा अदलाबदल करून लावल्या होत्या. त्यामुळे आवाज कमी-जास्त करायची बटणं बरोबर तिच्या कोपराखाली यायची आणि गाणं रंगात आलं की मध्येच आवाज बसायचा. मग ती जीभ चावून बटण फिरवायची आणि पुन्हा सुरुवात करायची.

सासरे आत्माराम हे रोज बघत. बोलत मात्र नसत. दोघांचं बोलणंच बेताचं होतं, आणि त्याला कारण होतं. पहिल्याच दिवाळीत पाहुण्यांच्या पंगतीत ज्ञानदा डाव्या हाताने श्रीखंड वाढत होती. आत्माराम सगळ्यांदेखत बोलून गेले, "डाव्या हातानं वाढतात का कुणी?" तिने हातातलं पातेलं सासूबाईंच्या, जयवंतीबाईंच्या हातात दिलं आणि आत गेली. त्या दिवसापासून तिने त्या घरात कुणाला वाढलं नाही. सगळी भांडी मधोमध ठेवायची आणि ज्याने त्याने घ्यायचं, अशी रीत तिने न भांडता पाडून टाकली. नवरा सिद्धेश बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. घरात उरली तिघं. तिघंही सभ्य, त्यामुळे अढी कुणी काढली नाही.

आत्माराम वसई पूर्वेच्या एका फाउंड्रीत अडतीस वर्षं पॅटर्नमेकर होते. ओतकामात लोखंडाचा भाग घडवायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब करावा लागतो. तो लाकडी नमुना वाळूत दाबायचा, त्याच्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. हे नमुने आत्माराम करत. पुढे ते काम कॉम्प्युटरवर गेलं आणि ते निवृत्त झाले. हत्यारांची पेटी तेवढी घरी आणली, पलंगाखाली सरकवली आणि नवव्या मजल्याच्या गॅलरीतून खाडीकडे बघत बसू लागले. चार वर्षं झाली होती.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी ज्ञानदाने जेवणाच्या टेबलावर एक लांबट खोकं उघडलं. आत गिटारीची मान होती. फक्त मान, बाकी काही नाही. शेजारी तारांचा आवाज पकडणारे पिकअप, बटणं, ब्रिज, खुंट्या, वायरी अशा पिशव्या मांडलेल्या. आत्माराम पाणी प्यायला उठले होते, ते थांबले. त्यांनी मान उचलली, एक डोळा मिटून बंदुकीसारखी समोर धरली आणि तिच्या कडेवरून नजर फिरवली.

"सरळ आहे," ते म्हणाले. "लाकूड चांगलं सुकवलंय."

ज्ञानदाने वर बघितलं. "तुम्हाला कळतं यातलं?"

"गिटारीतलं नाही कळत. लाकडातलं कळतं. हिचं धड कुठाय?"

तेच तर अडलं होतं. डावखुरी मान मिळाली होती, डावखुरं धड मिळत नव्हतं. मागवलं तर तीन-चार महिने. आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी वसईकडच्या गास गावात लुईसच्या बँडचा कार्यक्रम होता. लुईस म्हणजे गासचा बेस गिटार वाजवणारा जुना वादक. त्याचं कानाचं यंत्र दुरुस्त करता करता ज्ञानदाची आणि त्याची ओळख झाली होती, कारण तिची नोकरीच वसईतल्या कर्णयंत्रांच्या दुकानात होती. लुईसने तिला यंदा बँडमध्ये घेतलं होतं.

"लाकूड कसं लागतं?" आत्मारामांनी विचारलं.

"हलकं हवं. पण ठिसूळ नको. आणि हवेनं फुगणारं-आक्रसणारं नको."

"मग शिवणीचं लाकूड," ते म्हणाले. "आम्ही अख्खा जन्म शिवण कापली." आणि पाणी प्यायचं विसरून ते पलंगाखालची पेटी ओढायला गेले.

पुढच्या शनिवारी दोघं आगाशीला एका जुन्या वखारीत गेले. वखारवाल्याने पुढच्या फळ्या दाखवल्या. आत्माराम त्या ओलांडून मागे गेले आणि एकेका फळीवर बोटाच्या पेराने टकटक करत कान लावून उभे राहू लागले. ज्ञानदाही कान लावायला लागली. सातव्या-आठव्या फळीला दोघांनी एकदमच मान वर केली.

"हीच," ज्ञानदा म्हणाली.

"कशावरून?"

"बाकीच्या ठक म्हणतात. ही ठण्ण म्हणते."

आत्माराम हसले. हेच त्यांना फाउंड्रीतल्या उस्तादांनी शिकवलं होतं, आणि समजायला त्यांना दोन वर्षं लागली होती.

गॅलरीत काम सुरू झालं. जयवंतीबाईंनी पहिल्या दिवशी भुशावरून घर डोक्यावर घेतलं, दुसऱ्या दिवशी वाळत घातलेले कपडे आत घेतले आणि तिसऱ्या दिवशी चहाचा कप कठड्यावर ठेवून स्वतःच बघत उभ्या राहिल्या. आत्मारामांनी आधी पुठ्ठ्यावर आकार काढला. ज्ञानदाने तो पोटाशी धरून बसून बघितला, "इथे बरगडीला टोचतंय" म्हणाली, की ते तेवढा भाग गोलावत. फळी कापली, रंधा मारला, कडा कानशीने उतरवल्या. मान जिथे बसते ती खाच त्यांनी पटाशीने केली, नखाएवढी कपची काढायची आणि मान बसवून बघायची, असं करत दोन दिवस. शेवटी मान खाचेत सरकवली आणि एकही स्क्रू न लावता नुसत्या मानेला धरून सगळी गिटार उचलून दाखवली. सुटली नाही.

"बाबा!" ज्ञानदा टाळ्याच वाजवायला लागली.

मग ब्रिजची, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात त्या तुकड्याची, जागा. तारा जिथून सुरू होतात त्या वरच्या पट्टीपासून ब्रिज बरोबर सहाशे अठ्ठेचाळीस मिलिमीटरवर हवा, असं तिने सांगितलं आणि आपला टेप पुढे केला.

"तो टेप ठेव. ताणला तरी मध्ये झोळ पडतो," आत्माराम म्हणाले. पेटीतली आपली पोलादी पट्टी काढली, टोकदार सुईने खूण केली आणि ब्रिजच्या स्क्रूंसाठी पाच भोकं पाडली.

लाखेच्या पॉलिशचे हात द्यायला तीन आठवडे गेले. कापडाचा बोळा, हलका हात, एक दिवस सुकवणं, पुन्हा हात. शिवणीचा फिकट रंग मधासारखा होत गेला. वायरींचं काम ज्ञानदाचं. कर्णयंत्रातले केसाएवढे सांधे जोडणाऱ्या बाईला गिटारीचे सांधे म्हणजे हातचा मळ. आत्माराम बॅटरी धरून उभे राहत आणि ती डाव्या हाताने शिसं असं टेकवायची की त्यांना आपल्या उस्तादांची आठवण यायची.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी तारा चढल्या. ज्ञानदाने पहिला स्वर छेडला आणि जयवंतीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. आवाज भरलेला, गोल होता. बटणं कोपराच्या वाटेत नव्हती. ती वाजवत वर वर सरकली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

मोकळी तार सुरात होती. पण मानेवरच्या मधल्या पट्टीवर बोट ठेवलं की सूर उतरायचा, आणि जितकं वर जावं तितका जास्त. तिने सूर मोजणारा ट्यूनर लावला. ब्रिजवर तारांखालचे लहान ठोकळे पुढे सरकवले, अगदी स्क्रू संपेपर्यंत. तरी उतरलेलाच.

"मानच चुकीची आली," ती शेवटी म्हणाली. "पट्ट्या चुकीच्या अंतरावर बसवल्यात. मला वाटलंच होतं, इतकी सहज मिळाली." आणि तिने विकणाऱ्याला मान परत करायचं पत्र लिहायला घेतलं. नवी मान नाताळपर्यंत येणार नव्हती. ती जुनीच उलटी गिटार वाजवणार, असं तिने लुईसला कळवलंसुद्धा.

सोमवारी ज्ञानदा कामावर गेली. आत्माराम गिटार मांडीवर घेऊन बसले. मानेवरच्या पट्ट्या इतक्या काटेकोर बसवलेल्या होत्या की अशा माणसाची चूक होईल हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी आपली पोलादी पट्टी लावून ब्रिजचं अंतर मोजलं. सहाशे अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजलं, तेच. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ज्ञानदाच्या टेबलावरचा टेप आणून त्यांनी आपल्या पट्टीशेजारी ताणून धरला.

दोन्हींचं माप जुळत नव्हतं. सहाशे अठ्ठेचाळीसला त्यांची पट्टी साडेसहा मिलिमीटर पुढे गेली होती.

आत्मारामांनी पट्टी उलटून बघितली. ही तर फाउंड्रीची पट्टी! वितळलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून नमुना मुळात किंचित मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरच्या पट्टीवरचा प्रत्येक मिलिमीटरच जरासा ताणलेला असतो. अडतीस वर्षं त्यांनी दुसरी पट्टी हातात धरली नव्हती. मान बरोबर होती. ब्रिज चुकला होता, आणि तो त्यांनी बसवला होता.

त्यांनी गिटार हलकेच टेबलावर ठेवली. हे कुणाला कळणार नव्हतं. मान परत जाईल, दुसरी येईल, तिचाही सूर उतरेल, मग तिसरी. किंवा ज्ञानदाच कंटाळून नाद सोडेल. आणि आत्माराम चुकले असं कुणी म्हणणार नाही.

त्यांनी पट्टी आणि टेप दोन्ही पिशवीत टाकले, चपला घातल्या आणि जयवंतीबाईंना "वसईला जाऊन येतो" एवढंच सांगितलं.

दुकानात ज्ञानदा एका आजींच्या कानात यंत्र बसवत होती. सासऱ्यांना दारात बघून ती घाबरली. "बाबा? आई बऱ्या आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. तुझं होऊ दे."

आजी गेल्या. आत्मारामांनी पट्टी आणि टेप काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले.

"मान परत करू नकोस. चूक तिची नाही, माझी आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता.

ज्ञानदा दोन्ही मापांकडे वाकून बघत राहिली. आत्मारामांनी रागावणं ऐकायची तयारी केली होती. तिने मान वर केली तेव्हा तिचे ओठ थरथरत होते.

"म्हणजे बाबा," ती म्हणाली, "ही गिटार लोखंडाची ओतली असती, तर सुरात आली असती?"

आत्मारामांनी पट्टीकडे बघितलं. "थंड झाल्यावर. हो. अगदी सुरात."

मग ती हसायला लागली, आणि तिच्यामागून तेही. पुढच्या गिऱ्हाईकाने दार उघडलं आणि कुठे चुकून आलो की काय असं वाटून पुन्हा लावून घेतलं.

हसू ओसरल्यावर आत्माराम म्हणाले, "आणखी एक सांगायचंय. त्या दिवाळीला मी पंगतीत बोललो तेही चुकलंच. त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

ज्ञानदा टेप गुंडाळत होती. गुंडाळून झाला तरी ती तो हातातच धरून उभी राहिली. "मी तेव्हा खूप रडले होते," ती म्हणाली. "सिद्धेशलासुद्धा नाही सांगितलं." टेप खाली ठेवून म्हणाली, "बरं केलंत सांगितलंत ते." मग पट्टी पिशवीत घालून देत तिने विचारलं, "भोकं बुजवता येतील?"

"येतील. पिकअप आणि ब्रिजमध्ये बोटभर जागा आहे. नशीब."

उरलेल्या शिवणीच्या तुकड्यातून आत्मारामांनी पाच बारीक खुंट्या काढल्या, रेघेला रेघ जुळवून त्या जुन्या भोकांत ठोकल्या आणि सपाट केल्या. या वेळी टेपने आधी ज्ञानदाने मोजलं, मग त्यांनी, मग कुणी न सांगता जयवंतीबाईंनी. "सहाशे अठ्ठेचाळीसच आहे हो," चष्मा सावरत त्या म्हणाल्या. मग भोकं पाडली, तेवढ्या भागाला पुन्हा पॉलिशचे हात दिले. ब्रिजच्या मागे पाच फिकट ठिपके राहिले. आत्माराम त्यांना गडद करणार होते, पण ज्ञानदाने करू दिलं नाही.

तारा पुन्हा चढल्या. तिने मोकळी तार छेडली, मग मधल्या पट्टीवर बोट ठेवलं. ट्यूनरचा काटा मधोमध उभा राहिला. ती एकेक पट्टी वर गेली. काटा हलेना.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं कलताना, गासच्या मैदानात मांडव भरला होता. लुईसने आत्मारामांना आणि जयवंतीबाईंना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. त्याची बायको क्लेमेंटीन केकच्या बश्या घेऊन आली. लुईस ज्ञानदाच्या गिटारीवर वाकून म्हणाला, "आत्मारामभाऊ, ही तुमी केली? माझ्या बेसला पन तुमच्याकडेच आनतो आता."

ज्ञानदा स्टेजवर उभी राहिली. चार गाणी झाली. पाचव्यात तिचा एकटीचा तुकडा होता आणि तो अगदी वरच्या पट्ट्यांवर जाणारा. आत्माराम खुर्चीचा कोपरा धरून बसले. एकेक स्वर चढत गेला आणि जिथल्या तिथे बसत गेला. समोरची म्हातारी माणसंसुद्धा मान डोलावू लागली.

"अहो," जयवंतीबाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "श्वास घ्या."

परतताना तिघं एका रिक्षात. गिटार तिघांच्या मांडीवर आडवी. ज्ञानदाच्या बोटांच्या टोकांवर तारांचे लाल वळ उठले होते आणि ती त्यांच्यावर फुंकर घालत होती.

"ज्ञानदा," आत्माराम म्हणाले, "तुला हे शिकवलं कुणी?"

ती फुंकर घालायची थांबली. दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"माझी एक मावशी होती. चिपळूणला," ती म्हणाली. "ती पोस्टात होती. तिच्याकडे एक जुनी गिटार होती, आणि ती शिकली कशी, तर बघा…"

नायगाव आलं, रिक्षा दारात थांबली, तरी मावशीची गोष्ट अर्ध्यावरच होती. मग तिघंही तशीच, गिटार सांभाळत, गोष्ट पुरी व्हावी म्हणून लिफ्ट सोडून जिन्याने वर निघाली.