दांडीवरची नाडाछडी

हर्षदनं झाडं कापायचं मशीन उचललं की मी आधी त्याचे पाय बघते. चपला नाहीत ना, बूटच आहेत ना. मग मांड्यांवरचं जाड कापड, मग हेल्मेट, त्याची जाळी तोंडावर ओढलेली, कानांवर गोळे. मग मी म्हणते, "चेन दाखव." तो हातमोजा घालून पट्टीवरची चेन चिमटीत धरून उचलून दाखवतो. लोंबता कामा नये, आणि इतकी कसलेलीही नको की हातानं ओढली तर सरकणार नाही. दात रात्रीच कानशीनं घासून ठेवलेले असतात. बोथट चेन लाकूड कापत नाही, माणसाला जोर लावायला लावते, आणि जोर लावला की माणूस चुकतो.

"वहिनी, आरटीओत पण एवढं चेक करत नाहीत यार."

"म्हणूनच रोज कोणीतरी ठोकतं. चल, दांडी."

दांडी म्हणजे पुढच्या मुठीच्या पुढं उभा असलेला काळा प्लॅस्टिकचा पंजा. झाड कापताना पट्टीचं टोक चुकून कशाला लागलं तर मशीन उसळून उलटं तोंडावर येतं. तेव्हा मनगट त्या दांडीवर आदळतं, दांडी पुढं पडते आणि चेन जागच्या जागी थांबते. मशीनमध्ये माणसासाठी ठेवलेली दया ती एवढीच. हर्षद मनगटानं दांडी ढकलतो. टक्. मागं ओढतो. टक्. मग मी दारातून बाजूला होते.

हर्षद माझा धाकटा दीर. हे काम आधी माझा नवरा करायचा, नितेश. बोरीवली पूर्वेच्या निम्म्या सोसायट्यांचे गुलमोहर आणि सोनमोहर त्याच्या हातचे. परवानगीचा कागद आला की पावसाच्या आधी फांद्या उतरवायच्या, वादळानंतर पडलेलं उचलायचं. हर्षद तेव्हा खाली दोरी धरायचा. मागच्याच्या आधीच्या खंडेनवमीला नितेश याच मशीनखाली गेला. गेला म्हणजे, मानेला लागलं. हेल्मेटनं डोकं वाचतं, मान उघडीच असते.

आमची खोली दहिसरला, चेकनाक्याच्या अलीकडे, चाळीत. आम्ही मूळचे कणकवलीकडचे. सासरे गिरणीत होते तेव्हापासून घरात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. तेव्हा सासऱ्यांचे पाने आणि कात्री पाटावर असायची, मग नितेशचं मशीन आलं. माझ्या सासूबाई, शेवंतीआई, ते स्वतःच्या हातानं पुसायच्या. लेकराला न्हाऊ घालावं तसं, खाचाखोचांतला भुसा काडीनं काढून. हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि शेवटी लाल-पिवळी नाडाछडी. माळ दुसऱ्या दिवशी उतरवायची. नाडाछडी मात्र कापायची नाही, तिची तिनं झिजून पडेपर्यंत राहू द्यायची. आमच्या शिलाई मशीनला आहे, गॅसच्या शेगडीला आहे, हर्षदच्या स्कूटरच्या हँडलला तर तीन-चार वर्षांच्या एकावर एक आहेत.

त्या दिवशी मी घरात नव्हते. मनवाला, माझ्या मुलीला, ताप होता, तिला घेऊन डॉक्टरकडे रांगेत बसले होते. पूजा आटोपली तेवढ्यात फोन आला. आदल्या रात्रीच्या वाऱ्यानं एका सोसायटीच्या गेटवर गुलमोहर आडवा झाला होता आणि आत एका आजोबांना डायलिसिसला न्यायचं होतं. गाडी निघत नव्हती. आई म्हणाल्या, "पूजेक ठेवलला हत्यार उचलूचा नसता." नितेश म्हणाला, "आई, माणूस अडकलाय." पाटावरून मशीन उचललं, माळ देवासमोर काढून ठेवली आणि गेला.

रोज सकाळी दांडी वाजवून बघणारा माणूस तो. त्या दिवशी बघितली नाही.

नंतर घरात जो येईल त्याला आई एकच सांगायच्या. "पूजेतला हत्यार उचलल्यान माझ्या झिलान. म्हणान असा झाला." कोणी म्हणायचं, हो बाई, खरंय. कोणी म्हणायचं, नशीब. मी भिंतीला टेकून ऐकत असायचे आणि मला वाटायचं, ठीक आहे, ह्यांना काहीतरी कारण मिळालंय. मला तेही नव्हतं.

कारण मला हर्षदनं दिलं, तेरावं झाल्यावर. मनवाला बालवाडीतून आणताना नदीच्या पुलावर तो थांबला. मला वाटलं, सिगरेट ओढणार असेल. तो कठड्याला धरून उभा राहिला.

"वहिनी, दांडी पुढं पडलीच नाही."

"म्हणजे?"

"आईनं नाडाछडी तिथंच बांधली होती. दांडी आणि मूठ एकत्र. चांगले पाच-सहा वेढे, घट्ट. मशीन उसळलं, दादाचं मनगट दांडीवर आपटलं, मी बघितलं ना. पण ती हललीच नाही. चेन फिरतच राहिली."

मनवा माझं बोट ओढत होती, तिला खाली बगळे दाखवायचे होते.

"मी म्हटलं होतं त्याला, दादा, नाडा काढ आधी. तर म्हणाला, आईनं बांधलाय रे, राहू दे, दोन मिनिटांचं काम आहे." हर्षदनं नाक पुसलं. "पोलिसांनी मशीन परत दिलं तेव्हा मी चौकीच्या बाहेरच कापून टाकला. आईला नको कळायला. वहिनी, तुला शपथ आहे."

शपथेची गरज नव्हती. सगळं आटोपल्यावर चाळीतल्या बायका माझं कपाळ पुसायला आल्या होत्या, तेव्हा ह्याच शेवंतीआईंनी त्यांना दारातच थांबवलं होतं. म्हणाल्या होत्या, "तिची टिकली ऱ्हवांदे. माझ्या घरात दोन उघडी कपाळा नको." त्या बाईला मी हे सांगणार होते? की तुम्ही देवाचं नाव घेऊन पाच-सहा वेढे दिलेत आणि तेच?

तर वर्षभर आम्ही दोघं गप्प. सोसायट्यांचे फोन येत राहिले, हर्षदला दुसरं काम जमेना, पावसाच्या तोंडावर त्यानं नवी चेन बसवली आणि मशीन हातात घेतलं. मी रोज सकाळी दारात उभी राहायला लागले. खांद्याच्या वर उचलून कापायचं नाही. पट्टीच्या टोकानं कापायचं नाही. मशीनच्या सरळ रेषेत डोकं ठेवायचं नाही. गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतायचं नाही. तो पाढे म्हटल्यासारखं म्हणून दाखवायचा, मनवा पण त्याच्याबरोबर म्हणायची.

आणि मग परत खंडेनवमी आली.

त्या दिवशी दुपारी आई झेंडू आणायला गेल्या तेव्हा मी हर्षदला म्हटलं, "काय करायचं?"

"काही नाही. आई बांधेल तिथं बांधू दे. मी उद्या बाहेर गेलो की कापून टाकीन."

"तू कापशील?"

"हो. म्हणजे काय?"

"तुझ्या दादाला पण माहीत होतं दांडी कशासाठी असते. तुझ्यापेक्षा जास्त माहीत होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मशीन आज दुकानात देऊ का? सर्व्हिसिंगला आहे म्हणून सांगू."

"आणि पुढच्या वर्षी? आणि मधल्या अमावास्येला त्यांना वाटलं, पोरगा झाडावर चढतो, एक नाडा बांधू दे, तर?"

"मग तूच सांग काय ते." आवाज चढवून तो बाहेर गेला आणि चाळीच्या कट्ट्यावर जाऊन बसला. मला माहीत होतं तो लांब जाणार नाही.

मी एकच ठरवलं होतं. आई नाडाछडी घेतील, तेव्हा मी सहज म्हणणार, मागच्या मुठीला बांधा, तिथं छान दिसते. एवढंच. कारण नाही द्यायचं. मी दोनदा मनातल्या मनात म्हणूनही बघितलं.

हर्षद परत आला, पाट मांडला. आईंनी वर्षभर मशीनला हात लावला नव्हता. हर्षद ते बाहेर गोणपाटाखाली ठेवायचा. त्या दिवशी मात्र त्यांनी ते मांडीजवळ घेतलं आणि काडीनं भुसा काढायला लागल्या. "उद्यापर्यंत हात लावूचो नाय," हर्षदला म्हणाल्या. "कोणाचाय काम असांदे. देव जरी गेटाक अडाकलो तरी नाय."

"नाही लावणार," हर्षद म्हणाला.

हळदकुंकू झालं. माळ झाली. मग त्यांनी ताटातली नाडाछडी उचलली, उलगडली आणि सरळ त्या काळ्या दांडीकडे हात नेला. बरोबरच होतं. उभी असते ती, हातासारखी, बांधायला तेवढीच सोयीची जागा.

"आई, मागं बांधा ना. मागच्या मुठीला." माझा आवाज सहज येणार होता तो आला नाही.

"कित्या गो? हयसर चांगलो बसता."

"मागं छान दिसेल."

"मशीनाक काय छान दिसूचा आसा?" त्या हसल्या आणि पहिला वेढा दिला.

मी त्यांचा हात धरला. मला वाटतं, जरा जोरातच धरला. मनवा घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

"तिथं नको, आई. ती दांडी हलती लागते."

"हलती?"

त्यांनी वेढा सोडला आणि एका बोटानं दांडी ढकलली. टक्. मागं ओढली. परत ढकलली.

"ह्या कशाक?"

हर्षद पटकन म्हणाला, "काही नाही गं, पार्ट आहे एक. आरती कर चल."

आईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत होत्या. "कशाक गो?"

"मशीन उसळलं तर ती पुढं पडते. चेन थांबते."

"आणि नाडो असलो तर?"

बाहेर कोणाच्या तरी घरी आरती सुरू झाली होती, तिच्या टाळ्या आमच्या भिंतीपर्यंत येत होत्या. आईंच्या बोटांना कुंकू लागलं होतं आणि ते दांडीवर उमटलं होतं.

"गेल्या वर्सा मी खय बांधललंय?"

"आई, सोड ना आता," हर्षद म्हणाला.

"तू गप ऱ्हव. गो, तू पण आई हस. माका खरा सांग."

खोटं तोंडाशी होतं. मागच्या मुठीला, आई. एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांनी असं विचारल्यावर मी मनवाकडे बघितलं. आणि मला एकदम कळलं की मी त्यांच्या जागी असते आणि सुनेनं मला ह्या वेळी खोटं सांगितलं असतं, तर मी ते ओळखलं असतं आणि जन्मभर तिच्या तोंडाकडे बघत बसले असते.

"तिथंच, आई," मी म्हटलं.

त्या रडल्या नाहीत. त्यांनी दांडी आणखी एकदा ढकलली, परत आणली. बराच वेळ ढकलत राहिल्या, जणू कधीतरी ती अडकेल.

"त्याका म्हायत नाय होता?"

"होतं," हर्षद म्हणाला. आता तो रडत होता, उघड, तोंड न झाकता. "मी म्हटलं होतं काढ म्हणून."

"मगे काढल्यान कित्या नाय?"

हर्षदनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. पण तो आधीच बोलून गेला होता.

"तू बांधला होतास म्हणून."

आईंनी नाडाछडीची गुंडाळी केली. नीट, सुटू नये म्हणून टोक आत खोचून. ती ताटात ठेवली आणि ताट हर्षदकडे सरकवलं. "तूच कर पुढचा. माझे गुडघे दुखतत." मग भिंतीला धरून उठल्या आणि आतल्या बाजूला जाऊन आडव्या झाल्या. तोंड भिंतीकडे. मी जेवायला बोलवायला गेले तेव्हा डोळे उघडे होते. "तुमी जेवा," एवढंच म्हणाल्या.

ह्याला आता काही महिने झाले. हर्षद कामावर जातो, नीट असतो. आई स्वयंपाक करतात, मनवाची वेणी घालतात, माझ्याशी चांगलं बोलतात. एकदाही मला काही लागेल असं म्हणाल्या नाहीत. उलट मी ऑफिसातून यायच्या आधी चहाचं आधण ठेवलेलं असतं.

फक्त त्या नितेशविषयी बोलत नाहीत.

आधी रोज बोलायच्या. लहानपणी तो कसा गावच्या विहिरीत उतरून कासव घेऊन आला, कसा पहिलीत बाईंना लग्नाचं विचारून आला, पेज कशी फक्त मिठाचा खडा घालून प्यायचा. मनवा झोपताना बाबांची गोष्ट मागायची आणि आई सांगायच्या, रोज नवी. मला वाटायचं, हे संपणारच नाही.

काल रात्री मनवानं परत मागितली. आईंनी तिच्या अंगावर गोधडी ओढली आणि म्हणाल्या, "तुझ्या आईक इचार."

मनवा माझ्या कुशीत सरकली आणि वाट बघायला लागली. मी तिला आमच्या लग्नाचं सांगितलं, मग ती जन्मली त्या दिवसाचं. मग थांबले. माझ्याकडे नितेश लग्नानंतरचाच आहे. त्याच्या आधीचा सगळा भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आईंकडे, आणि मी तो त्यांच्याकडून मागू शकत नाही.

"अजून," मनवा म्हणाली.

मी तीच गोष्ट परत सांगायला घेतली.