चौथीचं कुंकू

मधुमतीबाईंना जाऊन बावीस दिवस झाले होते आणि सदाशिवरावांना अजून रडू आलं नव्हतं. तेरावा झाला, पाहुणे परतले, हे आपले चहा पीत होते, पेपर वाचत होते. वाचलेलं डोक्यात शिरत नव्हतं एवढंच. दाढ काढल्यावर गाल बधिर होतो ना, तसं आत सगळं झालं होतं.

त्या सकाळी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात फरशीचा एक चौकोन उघडा दिसला. कुंडी जागेवर नव्हती.

कुंडी म्हणजे मातीची नव्हे, चांगली शंभर-दीडशे वर्षांची फ्रेंच. विम्याच्या नोकरीत बदली होऊन ते जयपूरला आले, तेव्हा कानोता गावाकडच्या एका कोठीतलं, म्हणजे जुन्या हवेलीतलं, सामान विकायला निघालं होतं. तिथून मधुमतीबाईंनी ती हट्टाने आणली. लाकडी पेटी, अंगावर रंगीत लाकडाचे तुकडे बसवून केलेली फुलं, आत जस्ताचा डबा आणि चारी कोपऱ्यांवर सोन्याचा मुलामा दिलेले बायकांचे चेहरे. कुणा सरदाराच्या महालासाठी घडवलेल्या त्या पेटीत बाईंनी गवती चहा लावला! आणि दर शुक्रवारी चारी चेहरे ओल्या फडक्याने पुसून त्यांना हळदीकुंकू.

"चार बायका घरी आल्यात," त्या म्हणायच्या, "त्यांना कोऱ्या कपाळाने उभं ठेवायचं का?"

शेवटच्या दुखण्यात त्यांचे तीन शुक्रवार हॉस्पिटलात गेले. तिन्ही शुक्रवारी त्यांनी तेच विचारलं, "अहो, चौघींना लावलंत का?" सदाशिवराव म्हणायचे, "लावलं." एकदाही लावलं नव्हतं. घरी येऊन बुटांसकट सोफ्यावर आडवे व्हायचे, कसलं कुंकू नि कसलं काय.

गेल्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की चौघींच्या कपाळावरचं कुंकू अजून तसंच होतं. मधुमतीबाईंची अनामिका दारात चेमटल्यापासून वाकडी, त्यामुळे त्यांचं कुंकू कधी मधोमध बसलं नाही, जरा डावीकडे सरकलेलं असायचं. ते त्यांचंच बोट होतं. तेव्हापासून सदाशिवराव सकाळचा चहा कुंडीसमोर बसून घेत होते. का, ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"अनिमेष, कुंडी कुठाय?"

"मुरलीपुऱ्याला पाठवली बाबा, पॉलिशवाल्या मनोहरजींकडे," मुलगा म्हणाला. "आईची एवढी लाडकी, किती मैली झाली होती. मतलब, नव्यासारखी करून ठेवू ना."

बिचाऱ्याने मायेनेच केलं होतं. त्याच्यावर ओरडायचं बळही सदाशिवरावांत नव्हतं.

"रिक्षा बोलव."

"मीटिंग झाली की मी नेतो ना."

"आत्ता बोलव."

तिलक नगरच्या घरून ते थेट मुरलीपुऱ्याला गेले. कारखान्यात मनोहरजी हातात कापसाचा बोळा घेऊन बसले होते.

"आइए साहब! देखिए, कैसा रूप निकला है."

पहिला चेहरा लखलखत होता. दुसराही. तिसरा अजून ओला होता, आणि बोळ्यावर लालसर पिवळं उतरलं होतं. सदाशिवराव गुडघे टेकून पेटीच्या मागच्या कोपऱ्याशी वाकले. चौथीच्या कपाळावर कुंकू होतं, जरा डावीकडे.

"इसको हाथ मत लगाना."

"साहब, तीन चमकेंगी और एक मैली? लोग कहेंगे, मनोहर ने काम अधूरा छोड़ दिया."

"कहने दो."

टेम्पोत दोरीने कुंडी बांधली. दोरी घासू नये म्हणून सदाशिवराव मागे बसून चौथ्या चेहऱ्यासमोर हाताचा आडोसा धरून राहिले. घरी आले तेव्हा मनगट सोललेलं होतं, आणि ते दुखत नव्हतं.

शुक्रवारी अंघोळ करून त्यांनी हळदीकुंकवाचा करंडा काढला. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. पहिलीच्या नाकावर कुंकू सांडलं, दुसरीची हळद फराटली, तिसरीला कसंबसं जमलं. चौथीपाशी बोट थांबलं.

अहो, चौघींना लावलंत का?

ते तिथेच फरशीवर बसले. आवाज फुटला तो भलताच चिरका होता.

"तिघींनाच लावलं गं."