एक लांब, दोन आखूड

"पडदाच गेलाय," तवनाप्पानं निकाल दिला आणि मॉनिटर उचलून स्वतःकडं फिरवला. "पाठीमागनं उघडतो. दोन मिनटाचं काम हाय."

त्याच्या मागं उभी असलेली नंदिनी म्हणाली, "थांबा काका. त्यात वीज साठलेली असते. आणि आत्ता जी शिट्टी वाजली, ती काय सांगते ते आधी बघू या."

तवनाप्पानं पहिला स्क्रू काढला. नंदिनीनं तेच पुन्हा सांगितलं. त्यानं दुसरा स्क्रू काढला, दातात धरला आणि तिसऱ्याला हात घातला. मग मात्र मला राहवलं नाही.

"तवनाप्पा, थांब की!"

त्याचा हात जागच्या जागी थांबला. बाहेर रिक्षावालाही थांबला असावा, कारण माझा आवाज काही कमी नाही. पंचवीस वर्षं टाइपरायटरांच्या खडखडाटात शिकवतोय मी.

तवनाप्पा मागं वळला. नंदिनीचा चेहरा पाहून हसला. "विचारात होतो मॅडम. टीव्ही काय कमी उघडल्यात व्हय मी?"

हे सारं चाललं होतं राजारामपुरीतल्या माझ्या टायपिंग क्लासच्या हॉलमध्ये, सत्त्याऐंशी साली. मी पुण्याच्या एका कंपनीकडून एक कॉम्प्युटर घेतला होता. घेतला म्हणजे काय, गळ्यात पडला. शॉर्टहँडला पोरं येईनात, आणि समोरच्या क्लासवाल्यानं 'लवकरच कॉम्प्युटर' अशी पाटी रंगवून घेतली, तेव्हा मलाही चेव चढला. त्या कंपनीनं आजूबाजूच्या साखर कारखान्यांत, पतसंस्थांत, दूध संघात अशी बरीच यंत्रं खपवली होती. ती बंद पडली की पुण्याहून माणूस येईपर्यंत लोकांचं काम अडायचं. म्हणून इथलीच माणसं तयार करायला त्यांनी नंदिनी साठे नावाची इंजिनिअर मुलगी पाठवली होती. शिकवणं माझ्या हॉलमध्ये, शनिवारी परीक्षा, आणि जो पास होईल त्याला काम.

शिकायला दोघंच टिकले होते. एक हंबीरराव, नुकता डिप्लोमा झालेला, भला पोरगा. दुसरा माझा शेजारी तवनाप्पा मगदूम. माझ्या जिन्याखालीच त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. एके काळी पार निपाणीपासून लोक त्याच्याकडं रेडिओ घेऊन यायचे. नुसता लावून ऐकला की कुठला वॉल्व्ह गेलाय ते सांगायचा. मग टीव्ही आले, कॅसेट आल्या, आणि त्यानं एक दिवस रेडिओ घेणंच बंद केलं. "रेडिओचा जमाना गेला त्र्यंबकराव," म्हणाला. आम्हाला ते पटलं. इस्त्र्या आणि मिक्सर दुरुस्त करत बसला. चाळिशी नुकती उलटलेला हुन्नरी माणूस इस्त्रीची वायर बदलत बसलेला बघवत नसे, म्हणून मीच त्याला या शिक्षणात ढकललं होतं.

त्या संध्याकाळी नंदिनीनं मला बाजूला घेतलं. तिचं बोलणं मुळातच हळू. आमच्या गावात एवढ्या हळू आवाजात फक्त मयताच्या घरी बोलतात.

"काकांचा हात फार चांगला आहे," ती म्हणाली. "पण हट्टी आहेत. तीनदा सांगितलं तरी स्वतःचंच चालवतात. शिट्ट्यांचा धडा दोन दिवस शिकवतेय, तिकडे लक्षच देत नाहीत. पडदा काळा असतो तेव्हा यंत्राला तेवढंच बोलता येतं. एक आखूड शिट्टी म्हणजे सगळं ठीक. एक लांब, दोन आखूड म्हणजे पडद्याचं कार्ड. तेवढं ज्याला कळत नाही त्याला मी गिऱ्हाइकाकडे कशी पाठवू?"

तवनाप्पा आणि हट्टी? बायको म्हणेल ती भाजी मुकाट आणणारा हा माणूस. काहीतरी चुकत होतं.

दिवे लागायच्या आत मी त्याच्या घरी गेलो. दुकानामागच्या दोन खोल्या. जैनाचं घर, दिवस मावळण्याआधी त्यांची जेवणं उरकलेली असतात, त्यामुळं निवांत होते दोघं. राजमतीवहिनी भांडी पुसत होत्या. ही बाई म्हणजे आमच्या गल्लीचा भोंगा. सकाळी त्यांनी नवऱ्याला चहाला हाक मारली की चार घरं उठायची. भांडखोर म्हणून बायका त्यांच्या वाऱ्याला उभ्या राहत नसत, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायचं, की बिचाऱ्या तवनाप्पाच्या नशिबी काय हे.

"शिट्टीकडं लक्ष का देत नाहीस तू?" मी सरळ विचारलं. तो दुकानाच्या दाराकडं तोंड करून बसला होता आणि मी मागून, घरात बोलतात त्या आवाजात बोललो होतो. तो हललाही नाही.

वहिनींनी हातातलं भांडं खाली ठेवलं. माझ्याकडं बघत राहिल्या.

"कळलं न्हवं आता?" त्या म्हणाल्या. "त्यास्नी ऐकू येत न्हाई भावजी. चार-पाच वर्सं झाली. हळूहळू गेलं. तुमी सगळी वरडून बोलताय म्हणून निभावलं."

मी मट्कन खाली बसलो. आमच्या गावाला मोठ्यानं बोलायची खोड, आणि त्या खोडीआड हा माणूस पाच वर्षं लपून राहिला होता. कुणाला म्हणून संशय आला नाही. पुण्याची हळू बोलणारी मुलगी आली नसती तर कधी आलाही नसता.

तवनाप्पा आता वळला होता. आमच्या तोंडांकडं बघून त्याला सगळं समजलं. संतापला. "सांगितलंस?" बायकोवर डाफरला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "रेडिओ मेकॅनिक आणि भैरा. लोक काय हसतील, आँ? डॉक्टर म्हणतोय कानाला यंत्र लावा. ते लावून दुकानात बसू? कोण रेडिओ ठेवील माझ्याफुडं? म्हणून म्हटलं, जमाना गेला. ह्यो कॉम्प्युटर आला तवा म्हटलं, हे मुकं यंत्र हाय. सगळं पडद्यावर लिवून दावतंय. हितं कान लागत न्हाईत. तर त्येच्या पोटात बी शिट्टी."

मला फार वाईट वाटलं. रागही आला, कुणाचा ते कळेना.

"शनिवारी मी तुझ्या समोर उभा राहतो," मी म्हणालो, आणि या वेळी पुरेसं मोठ्यानं. "लांब शिट्टी झाली की मूठ. आखूड झाली की बोट. कार्ड म्हटलंस की झालं."

वहिनींनी एकदा नवऱ्याकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं. "पोरखेळ हाय," त्या म्हणाल्या, पण चहा टाकला. मग मी तोंडानं शिट्ट्या मारून मुठी दाखवत बसलो. वहिनींना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले.

शनिवारी आधी हंबीररावाची पाळी झाली. नंदिनीनं यंत्रातली मेमरीची एक चिप सैल करून ठेवली होती. त्यानं शिट्ट्या मोजल्या, चिप शोधली, दाबली, यंत्र सुरू. पोरगं लाजून बाजूला झालं.

मग तवनाप्पा. मी ठरल्याप्रमाणं टेबलासमोर भिंतीला टेकून उभा राहिलो. नंदिनीनं आमच्याकडं पाठ करून यंत्रात दुसरा बिघाड केला आणि बटण दाबलं. पडदा काळाच राहिला, आणि कॉम्प्युटरच्या पेटीतून शिट्टी आली. मी मूठ वर केली. मग एक बोट. मग आणखी एक.

तवनाप्पानं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याचा हात पेटीवर होता. मग त्यानं नजर खाली घेतली.

"मॅडम," तो म्हणाला, "हे त्र्यंबकराव मला खाणाखुणा करायल्यात. मला ती शिट्टी ऐकू येत न्हाई. कुठलीच बारीक आवाजाची गोष्ट ऐकू येत न्हाई. त्या दिवशी तुमी थांबा म्हणलासा ते बी न्हाई आलं."

माझी मूठ हवेतच राहिली होती. ती खाली कशी आणावी ते कळेना, म्हणून मी डोकं खाजवलं.

"आज ह्यांनी सांगितलं," तवनाप्पा पुढं म्हणाला. "उद्या मलकापुरात मशीन बंद पडलं तर ह्यास्नी पिशवीत घालून न्हेऊ व्हय? लोकाचं काम अडल्यालं असंल, आणि मी अंदाजानं पेटी उघडायची? त्यापरीस इस्त्री बरी."

हंबीरराव जमिनीकडं बघत होता. नंदिनी टेबलाला वळसा घालून आली आणि तवनाप्पाच्या अगदी समोर उभी राहिली. कीव नाही, काही नाही. एकेक शब्द सुटा करत तिनं विचारलं, "मग काका, पडदा काळा असताना यंत्राचं म्हणणं तुम्हाला कसं कळणार?"

हा प्रश्न त्याला पाच वर्षांत कुणीच विचारला नव्हता. विचारणार कसा? त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं.

पेटीचं झाकण काढलेलंच होतं. त्यानं आतल्या छोट्या स्पीकरवर बोट ठेवलं, काढलं. मग त्याच्या कपाळावरची आठी सैल झाली. पिशवीतला सगळ्यात लांब स्क्रूड्रायव्हर त्यानं बाहेर काढला.

उद्यमनगरातल्या कारखान्यांतला कुठलाही फिटर इंजिनाच्या बेअरिंगचा आवाज असाच घेतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर. वरचा गोंगाट बाजूला राहतो, आतलं दुखणं तेवढं हाडातून येतं. तवनाप्पाचा मेहुणा तिथंच कामाला होता, त्यामुळं त्यानं हे शंभरदा पाहिलं असणार. पण चांगला कान असताना कुणाला आठवतं, आणि कान गेल्यावर तर त्यानं आवाजाचं नावच टाकलं होतं.

त्यानं टोक स्पीकरच्या मागच्या लोखंडावर टेकवलं. मूठ कानामागं दाबली. "हंबीर, बंद करून परत चालू कर," म्हणाला.

हंबीररावानं बटण दाबलं. पडदा काळा. शिट्टी वाजली.

तवनाप्पा तसाच वाकून राहिला. काही झालं नाही असं मला वाटलं.

"परत," तो म्हणाला.

पुन्हा शिट्टी. या खेपेला त्याचे डोळे भरून आले, आणि तो ते पुसायलाही विसरला.

"एक लांब," तो म्हणाला. "दोन आखूड. हाय की. सोच्छ हाय."

मला हुंदका आला होता आणि तो लपवायला मी खिडकीकडं गेलो. आमच्या डॉक्टरांनी मला पुढं समजावलं, की काही जणांचा कानाचा पडदा आणि नळी बिघडते पण आतला भाग शाबूत असतो, त्यांना हाडातून ऐकू येतं. तेव्हा मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की माणसाला हरवलेलं काहीतरी सापडलंय.

यंत्र बंद करून त्यानं पडद्याचं कार्ड हलकेच उपसून काढलं, उजेडाकडं धरलं. खाचेत बसणाऱ्या पट्टीवर काळसर थर होता. "रबर द्या की," माझ्याकडं हात पसरून म्हणाला. टायपिंगच्या क्लासात रबराला काय तोटा. त्यानं ती सोनेरी पट्टी घासून लख्ख केली, कार्ड खाचेत बसवलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. या वेळी पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

नंदिनीनं दोघांनाही पास केलं. शहरातली कामं हंबीररावाला, आणि कोडोली, मलकापूर, त्या रस्त्याची सगळी तवनाप्पाला. त्याला मात्र एक अट घातली. "जिथं जाल तिथं आधी सांगायचं, मला कमी ऐकू येतं, समोर येऊन बोला. लपवलंत तर काम काढून घेईन." तवनाप्पानं मान खाली घातली आणि हो म्हणाला. माझ्या मते ही परीक्षा पहिलीपेक्षा अवघड होती. पण त्यानं तिची सुरुवात गल्लीपासूनच केली. संध्याकाळी पानपट्टीवर उभा राहून सगळ्यांना सांगून टाकलं. दोघंतिघं हसले. बाकीच्यांनी विचारलं, कॉम्प्युटर म्हणजे नक्की काय असतं रे.

पहिलं बोलावणं मलकापूरहून आलं, तिथल्या एका पतसंस्थेतून. सकाळच्या एसटीला मीही स्टँडवर गेलो. काम काही नव्हतं, उगीच. तवनाप्पानं कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खांद्याला हत्यारांची पिशवी होती. स्टँडवर नेहमीसारखा कालवा. कंडक्टर ओरडतायत, भोंगे वाजतायत, गावाकडच्या बायका एकमेकींना हाका मारतायत.

गाडी लागली तरी वहिनींचा पत्ता नव्हता. डबा घरी राहिला म्हणून तो घेऊन त्या मागून यायच्या होत्या. तवनाप्पा पायरीवर पाय ठेवणार एवढ्यात त्या गर्दीतून येताना दिसल्या. मी मनातल्या मनात कानावर हात ठेवले. आता त्या अशी हाक मारतील की आख्खा स्टँड वळून बघेल.

त्यांनी हाक मारली नाही. चालत त्याच्यापर्यंत आल्या, त्याच्या कोपराला हात लावला आणि तो वळेपर्यंत थांबल्या. मग डबा त्याच्या हातात देऊन, त्याच्या तोंडाकडं तोंड करून, काहीतरी बोलल्या. ओठ हलताना दिसले. गळ्याची एकही शीर ताणलेली नव्हती. त्या बाईचा आवाज इतका खाली येत असेल हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, पण त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. तवनाप्पानं त्यांच्या ओठांवर नजर ठेवून मान डोलावली, "व्हय, व्हय," म्हणाला आणि गाडीत चढला.