डावी बाही

आमच्या शिवणकामाच्या दुकानात आम्ही दोघी बहिणी. एक सगळं माहीत असलेली ताई, आणि दुसरी मी. ताई कापड कापते, मी काज-बटणं करते. मला कापायचंय, हे एव्हाना दुकानातल्या मशीनलासुद्धा कळलं असेल. पण मला बटणं आवडतात, असं ताईने फार पूर्वीच ठरवून टाकलंय. ठरवण्यात तिचा हातखंडा, विचारण्यात मात्र तिला कमीपणा वाटतो. माझं उलट. गिऱ्हाईक दिसलं की मी सुरू होते: कुठे घालणार, कोण येणार, मुलगी सध्या काय करते? त्यावरून ताईने माझं नाव 'चौकशी खिडकी' ठेवलंय आणि माझी रवानगी आतल्या खोलीत केलीय.

गेल्या आठवड्यात एक उंच, अबोल माणूस काळा कोट टाकून गेला. फक्त अस्तर बदलायचं होतं. ताईने कोट टेबलावर पसरला आणि तिच्या कपाळावर आठी पडली. डावी बाही उजवीपेक्षा चांगलीच लांब होती.

"कुठल्या आंधळ्याने शिवलाय हा?"

"मुद्दाम शिवला असेल," मी आतून म्हटलं. "विचारू या ना त्यांना."

"बाह्या मुद्दाम लहानमोठ्या कोण करतं? तू काज कर."

तिने डावी बाही उजवीच्या बरोबरीने कापली. वर त्याला आधी काही सांगायचं नाही, बघून आपोआप खूश होईल, हेही ठरवलं. कापलेले तुकडे केरात गेले.

शनिवारी सकाळी तो आला. कोट चढवला, डावा हात उचलून कोपरात वाकवला आणि हनुवटी खांद्याकडे नेली. बाही सर्रकन मागे गेली, मनगट उघडं पडलं.

"मी व्हायोलिन वाजवतो," तो म्हणाला. "आज संध्याकाळी वाद्यवृंदासाठी निवड आहे. म्हणून ती बाही तशी शिवून घेतली होती."

तो ओरडला असता तर परवडलं असतं. तो नुसता मनगटाकडे बघत राहिला.

ताईचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगते, मला जरा बरं वाटलं. पण ती रिकामा केराचा डबा चाचपायला लागली, ते बघवेना. जिभेवर आलेलं 'मी सांगत होते' मी गिळून टाकलं.

आणि मग ताईने टेप गळ्यात अडकवून चक्क विचारलं, "वाजवताना हात कुठवर जातो तुमचा?"

त्याने दाखवलं. मग प्रश्नांची रांगच लागली. खांद्यात ओढतं का, हात कधी खाली येतो, मनगट आतल्या बाजूला का वळवता? तो अबोल माणूस हळूहळू खुलला, अगदी रंगात येऊन सांगायला लागला. चौकशी खिडकी ताईने ताब्यात घेतली होती, आणि मी आपली बघत बसले होते.

कोटाच्या खालच्या काठाला आत दुमडलेलं कापड भरपूर होतं. ते सोडवून ताईने दोन्ही बाह्यांना कफ लावले, डावीचा जास्त रुंद. बटणं माझी. त्याने व्हायोलिन नसतानाच हवेत काहीतरी वाजवून पाहिलं. बाही मनगटावरून हलली नाही. तो पहिल्यांदा हसला आणि घाईघाईने गेला.

दुकान रिकामं झालं. ताई टेबलावरचे दोरे वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला बटणं आवडतात ना गं?"

"नाही," मी म्हटलं. "मला कापायचंय."

आता ती म्हणणार, तुला नाही जमायचं. मी उत्तर तयारच ठेवलं होतं, चांगलं झणझणीत.

ताईने हातातले दोरे खाली ठेवले. "का?" तिने विचारलं. "काय आवडतं त्यात तुला?"

जगभरची चौकशी करणारी मी, पण मला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. ताईने स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसली आणि वाट बघत राहिली.