मेव्हण्याच्या नावाने सहल

सांगून-सवरून स्थळ बघायला गेलं की काय दिसतं, हे मला चांगलं माहीत आहे. दारात शेजाऱ्याचा ट्रॅक्टर, गोठ्यात भावकीच्या म्हशी, आणि मुलाचा चुलता ज्या मळ्याकडे हात करतो तो मळा तिसऱ्याच माणसाचा. माहीत असायचं कारण म्हणजे माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी हेच केलं होतं. बैलजोडी मागून आणून दावणीला बांधली होती. सासऱ्यांना त्याचा पत्ता लागला तोवर आमची आरती रांगायला लागली होती.

म्हणून आरतीसाठी स्थळ आलं तेव्हा मी ठरवलं, न सांगता जायचं.

स्थळ आणलं वारूळवाडीच्या माझ्या चुलतभावाने. मुलगा गोरख, शेतकीचा पदवीधर, वय एकोणतीस, आंबेगाव तालुक्यात धरणाच्या काठावर गाव, घरात फक्त आई. पुण्यात बियाणांच्या कंपनीत चांगली नोकरी होती ती सोडली म्हणे, आणि आता दर रविवारी पुण्याची माणसं मिनीबसमध्ये घालून आपलं गाव दाखवायला नेतो. नाश्ता, होडी, जेवण, शिवारात फेरी, संध्याकाळी परत पुणे. लोक पैसे देऊन भाकरी खायला जातात, हेच मला आधी पटेना. त्यात नोकरी सोडलेली, आणि एकोणतिशीपर्यंत बिनलग्नाचा. काहीतरी पाणी मुरत होतं.

संशय घेणं हा माझा स्वभाव म्हणा, पण त्याच्यावरच माझं घर चाललं. एसटीत अठ्ठावीस वर्षं तिकीट तपासनीस होतो, सगळी नोकरी सोलापूर भागात; पुण्यात राहायला आलो ते रिटायर झाल्यावर. गाडी थांबवून आत चढलो की कोणाकडे तिकीट नाही हे मला मागायच्या आधी कळायचं. खिडकीबाहेर एकदम फार रस घेणारा माणूस, झोपेचं सोंग घेणारी बाई, सगळे पाठ झाले होते. आरतीची आई गेली तेव्हा पोर अकरा वर्षांची होती. तिला मी एकट्याने वाढवली, आणि डोळ्यांत तेल घालून वाढवली. अशी पोर मी ऐकीव माहितीवर कोणाच्या हवाली करणार नव्हतो.

तर मी मेव्हण्याच्या नावाने, म्हणजे सावळेराम या नावाने, सहलीचं बुकिंग केलं. आरतीला सांगितलं, नारायणगावला आमच्या रिटायर लोकांचं स्नेहसंमेलन आहे. ती म्हणाली, "स्वेटर घेऊन जा, बाबा." डिसेंबर दोन हजार सातचा तो दुसरा रविवार.

शिवाजीनगरला गाडी उभी होती. गोरख दारात उभा राहून प्रत्येकाला हात देऊन वर घेत होता. उंच, सावळा, फोटोपेक्षा बरा. फोटोपेक्षा बरा मुलगा मी आजवर पाहिला नव्हता, तेव्हा तिथेच मी सावध झालो. मुद्दाम ड्रायव्हरच्या मागची जागा धरली. माणूस ड्रायव्हरशी कसा बोलतो त्यावरून त्याची जात नाही, पण धाटणी कळते. हा त्याला "भाऊ" म्हणत होता. पाहुण्यांसमोर सगळेच म्हणतात.

मंचरला मिसळ खायला गाडी थांबली. गोरखने स्वतः काही खाल्लं नाही, बाजूला जाऊन फोन लावला. मी हात धुवायच्या निमित्ताने मागोमाग गेलो.

"सतरा माणसं आहेत," तो हळू आवाजात सांगत होता. "दोघं बिनलसणाची."

मला त्यातही काहीतरी सांकेतिक वाटलं. परत गाडीत बसलो तेव्हा लक्षात आलं की मागच्या सीटवर एक जैन जोडपं आहे.

घोडेगाव गेलं, शिनोली गेली, आणि थोड्या वेळाने डाव्या हाताला पाणी दिसायला लागलं. सगळी गाडी त्या बाजूला झुकली. गोरख उठून उभा राहिला आणि म्हणाला, "इथं खाली आमचं जुनं गाव आहे. धरण झालं तेव्हा मी शाळेत होतो. आमची बागायत सगळी पाण्यात गेली. आता वर दीड एकर उरलंय, तेही मुरमाड. ते तुम्हाला दुपारी दाखवतो, पण फार अपेक्षा ठेवू नका."

बायोडाटात दीड एकरच लिहिलं होतं. मी मनातल्या मनात तो आकडा दोनदा वाचला. जे लोक थोडं खरं सांगतात ते मोठं काहीतरी लपवत असतात, हा माझा अनुभव.

गाव लहान, पाण्याला लागूनच चढावर. उतरल्या उतरल्या गोरखने सांगून टाकलं, की होडी अमक्याची, बैलगाडी तमक्याची, चुलीवरचं जेवण आमच्या घरचं, आणि तुमच्या पैशांतून ज्याचा त्याला वाटा जातो. माझी अर्धी तपासणी त्याने अशी बोलूनच संपवली. मला त्याचा राग आला. होडीत बसताना त्याने प्रत्येकाच्या जॅकेटचा पट्टा ओढून पाहिला, माझा दोनदा.

"काका, गुडघा दुखतो ना? तुम्ही मधे बसा."

गुडघा दुखतो हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. नंतर वाटलं, चढ चढताना दिसलं असेल. पण डोक्यात ते राहिलंच.

होडीतून आल्यावर बाकीचे फोटो काढत होते, तेव्हा मी हळूच सटकलो आणि माळावर मेंढरं राखत बसलेल्या एका म्हाताऱ्याला गाठलं. म्हस्कू त्याचं नाव. मी तंबाखू पुढे केली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग विचारलं, "हा गोरख मुलगा कसा आहे हो?"

म्हस्कूने तंबाखू घेतली, मळली, तोंडात टाकली. मग माझ्या बुटांकडे पाहून म्हणाला, "जमीन बगाया आला का, राव?"

"छे छे. सहज विचारलं."

"सहज कोन इचारतं? मागं एक आसाच आला व्हता. आधी पोराची चवकशी, मंग उताऱ्याची. इथं कुनी इकत न्हाई."

"अहो, मला जमीन नको."

"मंग पोराचं काय काढताय?" म्हस्कू उठला, मेंढरांना शीळ घातली आणि माझी तंबाखू तोंडात घेऊन निघून गेला. अठ्ठावीस वर्षांत माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं.

जेवायला मासवडी होती. तांबडा रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. खरं सांगायचं तर आरतीची आई गेल्यापासून मी अशी मासवडी खाल्ली नव्हती. पण मी इथे खायला आलो नव्हतो. सगळे जेवून आंब्याखाली आडवे झाले आणि गोरख गाडीतल्या पोरांना घेऊन पाण्याकडे गेला, तशी मी "अजून थोडा रस्सा मिळेल का" म्हणत थेट स्वयंपाकघरात गेलो. गोरखची आई कुशाबाई चुलीपुढे एकटीच जेवत होती. किरकोळ बाई, हातात दोन-दोन पितळी बांगड्या. मला पाट दिला, वाटीत रस्सा ओतला.

"पोटभर खा, सावळेरामभाऊ. सकाळपासनं तुमी नुसतं बगतच हायसा."

मी ते कानाआड केलं आणि फासा टाकला. "मुलगा गुणी आहे तुमचा. लग्नाचं बघताय की नाही? आमच्या पाहुण्यांत एक चांगली मुलगी आहे."

कुशाबाईने मान हलवली. "नको भाऊ. आमचं मन एका ठिकानी बसलंय."

माझा घास हातातच राहिला. आता सापडलं. एकीकडे आमच्याकडे बायोडाटा पाठवायचा, आणि दुसरीकडे मन भलत्याच ठिकाणी बसवायचं. नोकरी का सोडली, लग्न का राहिलं, सगळ्याचं उत्तर मला एका क्षणात मिळालं. आत्ताच्या आत्ता उठून बाहेर जावं आणि चुलतभावाला फोन करून त्याची हजामत करावी असं वाटलं. पण पुरावा पूर्ण झाल्याशिवाय मी कधी पावती फाडली नाही.

"कुठली मुलगी?" मी विचारलं.

"पुन्याची. अजून ठरलं न्हाई काय. तिच्या वडलांचा निरोप यायचाय." कुशाबाईने भाकरीचा तुकडा मोडला. "दिवाळी झाल्यावर ह्याच गाडीनं आली व्हती, मैतरणीसंगं. गाडीतनं उतरली ती सरळ माझ्याकडं आली. म्हनली, मावशी, माझ्या स्थळाचा कागद तुमच्याकडं आलाय, मी आरती. लपून बगायचं मला जमायचं न्हाई, म्हनून सांगते."

चुलीतलं लाकूड तडतडलं.

दिवाळीनंतरचा तो रविवार मला आठवला. मैत्रिणीच्या बहिणीचा साखरपुडा आहे, असं आरती सांगून गेली होती. माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांत बघून. आणि मला कळलं नव्हतं.

"लई मोकळी पोरगी," कुशाबाई सांगत होती. "गोरखला तोंडावर सगळं इचारलं. नोकरी का सोडली, दारू पितो का, दुसरी कुनी हाय का. तो म्हनला, मला हापिसात बसवत न्हाई, आन गावात बसून खायला दीड एकर पुरत न्हाई, म्हनून हे काडलं. हसली. मंग हितं माझ्यापाशी बसली, तुमी बसलाय तिथंच. मला म्हनली, मावशी, मला घरी यायला उशीर झाला तर तुमी काय इचाराल? मी म्हनलं, जेवलीस का, आसं इचारीन. दुसरं काय इचारायचं? तर पोरगी रडायलाच लागली, भाऊ. मला काय समजंना."

"का रडली?" मी विचारलं.

"बाप येस्टीत तिकिटं तपासायचा म्हनं. घरी पन तेच. पिशवी उघडून बगायची, फोन बगायचा. बसचं तिकीट काडून कुठं चढली ते ठरवायचं. वाईट न्हाईत म्हनली बाबा. माया लई करत्यात. पन आपुन खरं बोललो तरी खोटं ठरतो, मंग खोटंच बोलायची सवय लागती. आमी नंबर मागितला तर दिला न्हाई. फोन बाबा बगत्यात म्हनली."

आधी मला संताप आला. घरातली गोष्ट चार डोंगर ओलांडून परक्या बाईच्या चुलीपुढे नेऊन ठेवली! मग त्या तिकिटाचं आठवलं. आरती आंघोळीला गेली की मी तिच्या पर्समधलं पीएमटीचं तिकीट काढायचो, टप्पा बघायचो आणि जसंच्या तसं घडी घालून परत ठेवायचो. तिला कळत नाही, असं मी समजत होतो. मला लाज वाटली. इतकी की वाटी खाली ठेवताना रस्सा पाटावर सांडला.

"तो बाप मीच," मी म्हणालो. "मी चांगदेव. सावळेराम माझा मेव्हणा."

कुशाबाई माझ्याकडे बघतच राहिली. मग ताट बाजूला सारून उठली, डोक्यावर पदर घेतला आणि एकदम हात जोडले. मला वाटलं, आता माफी मागेल, नाहीतर आदरातिथ्य सुरू करेल. तसलं काही नव्हतं.

"पोरीला बोलू नका," ती म्हणाली. "मी बोलून बसले, तिचा काय दोष न्हाई. तुमी स्थळाला नाय म्हना, पन घरी जाऊन तिला इचारू नका हितं का आली व्हती म्हनून. पाया पडते."

"नाही बोलणार."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. विश्वास बसला नव्हता, स्पष्ट दिसत होतं. "सकाळपासनं सावळेराम म्हनून बसलात की," ती म्हणाली.

मी पाटावर सांडलेला रस्सा बोटाने पुसायला लागलो.

तिने दारातून हाक मारली. गोरख ओल्या पायांनी धावत आला. आईने दोन वाक्यांत सांगितलं तसा त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "आई, राहू दे आता," तो म्हणाला. "काका, तुम्ही बसा, मी चहा—"

"चहा ऱ्हाऊ दे. फोन लाव. ह्येंना नंबर इचार," कुशाबाई म्हणाली. "माझ्यासमोर बोलू दे पोरीशी. ती बरी हाय ते मला ऐकू दे."

मी नंबर सांगितला. मधल्या खोलीत फडताळावर फोन होता. गोरखने लावला, रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि शहाणा मुलगा, तो बाहेर निघून गेला. कुशाबाई मात्र हलली नाही. माझ्या शेजारी, कान देऊन उभी राहिली.

"हॅलो?"

"आरती, मी बोलतोय."

"बाबा? हा कुठला नंबर? नारायणगाव पोचलात?"

"मी नारायणगावला नाही." मी सगळं सांगितलं. कुठे आहे, कोणाच्या नावाने आलो, आत्ता कोणासमोर उभा आहे. मग तिचा बारीक आवाज आला.

"त्यांना काही बोलला नाहीत ना, बाबा? मावशींना? त्यांची काही चूक नाही."

इकडे ही बाई माझ्या पोरीसाठी हात जोडून उभी होती, आणि तिकडे पोर हिच्यासाठी विनवत होती. एकमेकींना एकदाच भेटल्या होत्या दोघी. आणि दोघींना भीती एकाच माणसाची होती. मला रडू आलं. चारचौघांत कधी रडलो नाही, तिथे कुशाबाईसमोर रडलो.

"नाही गं," मी म्हणालो. "कोणाला काही बोललो नाही. तुला विचारायचं होतं. तुझ्या मनात काय आहे? हे स्थळ तुला हवंय का?"

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "तुम्ही विचारताय, की तपासताय?"

"विचारतोय."

मी खरं बोलतोय की खोटं, ते ती बघत होती. मी रिसीव्हर कानाला लावून थांबलो.