चाळीस चापट्यांचं तारुण्य

शनिवारी सकाळी म्वाबुसिगा गावच्या चिंचेखाली साठेक बायका गाल फुगवून बसत. कापूस विकून झालेला, शेतं रिकामी, आणि गावाला एकदाचा उद्योग मिळालेला. समोर स्टुलावर उभा राहून गुरू लुसंगिजा हुकूम सोडी.

"फुगवा. धरा. आता ओठ डावीकडे. आजी, तुमचे उजवीकडे गेले. म्हातारपण तिथूनच शिरतं."

लुसंगिजा तीन महिन्यांपूर्वी शिन्यांगा शहराच्या बसमधून पांढरा कोट घालून उतरला होता. "चेहऱ्यात सत्तावन्न स्नायू," तो सांगे, "त्यातले छप्पन्न आळशी. ते झोपले की सुरकुती पडते. आणि सुरकुतीत काय बसतं?"

"चेटूक," बायका गालातली हवा सोडून म्हणत आणि पुन्हा फुगवत.

पण हा नुसता व्यायाम. खरी विद्या पुढे. चेहऱ्याला तेल चोपडायचं आणि चाळीस चापट्या मारायच्या, वीस या गालावर, वीस त्या. गुरू वासराच्या कातड्याचे हातमोजे चढवून मारी. रक्त निघालं की गर्दी समाधानाने मान डोलवी. आणि चमत्कार खरोखर होई. दुपारपर्यंत सुरकुत्या गायब. सत्तरीच्या वांदेचा चेहरा पिकल्या पपईसारखा तुकतुकीत झाला, तेव्हा तिच्या नातीने "आत्या" म्हणून हाक मारली.

त्या मुलखात म्हातारीला तरुण चेहरा नटण्यासाठी नको असतो. सुरकुतलेला चेहरा आणि लाल डोळे म्हणजे चेटकीण, आणि चेटकिणीला औषध कोयता, हे तिथे शाळेत न शिकवता सगळ्यांना येतं. म्हणून बायका आपण होऊन गाल पुढे करत.

अडचण एवढीच, की चार दिवसांनी तो चेहरा उतरे. आधीपेक्षा जास्त चुरगळलेला, आणि डोळे मिरचीसारखे लाल. "आतली चेटकीण वर आली," गुरू खेदाने म्हणे, "मी फक्त दार उघडतो." वांदेला तिच्याच उंबऱ्यात, हातात मक्याच्या पिठाची उगाली घोटायचा दांडा असताना तोडली. पुढच्या आठवड्यात म्बुलाला. दोघींच्या शेतांना वारस मात्र लगेच सापडले.

मिलेम्बे चिंचेखाली गेली नव्हती. ती सहासष्ट वर्षांची विधवा. डोळे तीस वर्षांपासून लाल, आणि ओढ्याकाठी पाच एकर काळी जमीन. घरी बसणं हाही पुरावाच होता. लपवण्यासारखं काही असल्याशिवाय कोण घरी बसेल?

तिच्या नवऱ्याचा पुतण्या न्गासा चार काठीवाले सोबत घेऊन आला. दार लाथेनेच उघडलं.

"काकू, चला. गुरूंनी बोलावलंय."

"हा चेहरा तुझ्या काकाला चालला. तो तर गेला. आता कुणाला दाखवायचाय?"

"गावाला. चाळीस चापट्यांत तरुण झालात तर सुटलात."

"आणि नाही झाले तर?"

"आमच्या हातात काय असतं, काकू."

"तुझ्या हातात कोयता आहे, बाळा. लाल असले तरी डोळे आहेत मला."

तिला दंडाला धरून फरफटत नेलं. चिंचेखाली न्गासाने तिचं डोकं मागून घट्ट धरलं. गुरूने बाटली उपडी केली. तेल गालावरून ओघळलं आणि मिलेम्बेच्या नाकात ओळखीचा वास शिरला. सरकीच्या तेलात शेराचा चीक. तिच्या अंगणाला शेराचंच कुंपण होतं. लहानपणी त्याच्या फांद्या ठेचून डबक्यात टाकल्या की मासे उलटे होऊन वर येत. एकदा तो चीक भावाच्या डोळ्यात उडाला, तर बिचारा आठवडाभर आंधळा होता.

पहिल्या चापटीला कान बधिर झाला. सहाव्या चापटीला दात हलला, नवव्या चापटीला पडला. विसाव्या चापटीनंतर गुरू बाजू बदलायला थांबला, तेव्हा तिने रक्त थुंकलं आणि बाजारात भाव विचारावा तशा आवाजात विचारलं, "गुरुजी, शक्ती तुमची, तेल तुमचं. मग मोजे कशाला?"

"शक्तीचा दाह होतो."

"मग आमचं तोंड भाजतं ते?"

"ते पापाने."

"तुम्ही तर पुण्यवान. मोजा काढून एक मारा की."

"काढा की गुरुजी," मागून कुणीतरी म्हणालं. ती दवाखान्यातली नर्स लिमी होती. दोन-चार बायका हसल्या. गुरूने मोजा काढला नाही, त्याची मूठ वळली. मिलेम्बे आडवी झाली. तिला उचलायला न्गासा वाकला, तेव्हा तिने त्याच्या मानेला मिठी मारली आणि आपला तेलकट गाल त्याच्या दोन्ही डोळ्यांवर रगडला.

न्गासा कापल्या बकऱ्यासारखा ओरडला. पाहता पाहता पापण्या फुगल्या.

"डोळे बघा त्याचे," एकजण म्हणाला.

"लाल."

त्याच्याबरोबर आलेल्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांना जे येत होतं ते केलं. पहिली काठी गुडघ्यावर, दुसरी पाठीवर. त्याचा कोयता त्याच्याच मित्राने उचलला.

मिलेम्बेने नुसतं गप्प बसायचं होतं. वैरी संपला असता, जमीन राहिली असती. ती रांगत गेली आणि न्गासाच्या अंगावर आडवी पडली. एक काठी तिच्या कोपरावर बसली. हाड मोडल्याचा आवाज पुढच्या रांगेला ऐकू आला.

"हा चेटक्या नाही," ती म्हणाली, "मूर्ख आहे. मूर्खांना मारायला लागलात तर गावात उरेल कोण?"

कोयता वरच थांबला. तेवढ्यात लिमी बादली घेऊन घुसली आणि न्गासाच्या डोळ्यांत पाणी ओतत राहिली. गुरू बसच्या रस्त्याकडे निघाला होता. बायकांनी त्याला कोटाने धरून आणलं, मोजे ओढून काढले आणि बाटलीतलं तेल त्याच्या मनगटावर चोळलं. थोड्या वेळात मनगट लालभडक झालं. पुण्यवान माणूस चांगलाच किंचाळत होता.

लिमीने सकाळीच चापट्या खाल्लेल्या एका बाईच्या गुबगुबीत गालात अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला, मळलेल्या पिठात राहतो तसा.

"हे तारुण्य नाही, सूज आहे," ती म्हणाली. "मार बसला, चीक लागला, की गाल सुजतो. सुजला की सुरकुती बुजते. सूज उतरली की कातडी लोंबते. चीक डोळ्यात गेला की डोळे लाल होतात. चुलीत शेण जाळलं की त्या धुरानेही होतात. आणि गाल फुगवून फक्त गाल दुखतात."

एक बाई गुरूला चापटी मारायला पुढे झाली.

"राहू दे," मिलेम्बे म्हणाली, "सुजला तर तरुण दिसेल. पोलिसांना बोलावा."

चौघांतला सगळ्यात धिप्पाड होता त्याच्या काठीचं टोक हळूहळू खाली आलं.

"मग वांदे?" त्याने विचारलं. "आणि म्बुला?"

"त्या म्हाताऱ्या होत्या," मिलेम्बे मोडका हात पोटाशी धरून म्हणाली. "जगलास तर तूही होशील. तुझ्या आईचे डोळे लाल आहेत की नाहीत?"

"आहेत."

"का आहेत, ते विचारलंस कधी तिला?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"आज घरी जाऊन विचार. पुढे कुणी लाल डोळे दाखवले की आधी हेच विचार, का लाल आहेत. उत्तर मिळेपर्यंत हात उचलू नकोस. वांदेला हे कुणी विचारलं असतं, तर ती आज इथे बसली असती."